मालक कोण? भिलाईचा जुना प्रश्न अ‍ॅपच्या काळात पुन्हा ऐरणीवर

भिलाई : देशातील २९ कामगार कायदे एकत्र करून तयार केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि अ‍ॅपवर चालणाऱ्या टॅक्सी, दुचाकी व घरपोच सेवेतील कामगार प्रथमच देशव्यापी कायद्याच्या कक्षेत आले. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांत, २५ आणि ३१ डिसेंबर रोजी, याच कामगारांच्या संघटनांनी देशव्यापी संपाची हाक दिली. कायद्याने नाव दिले, सामाजिक सुरक्षेचे आश्वासन दिले, तरीही कामगारांना सेवा बंद ठेवण्याचा मार्ग का स्वीकारावा लागला, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे. त्याचे उत्तर शोधताना भिलाई या पोलादनगरीचा गेल्या पाच दशकांचा अनुभव विचारात घेणे उद्बोधक ठरते. आपले काम कोणासाठी आहे हे ठाऊक असूनही आपला मालक कोण हे कायद्याने सांगता येत नाही, अशी अवस्था या परिसरातील कामगारांनी अ‍ॅप येण्याच्या कितीतरी आधी अनुभवली आहे.

पोलादनगरीतील दोन वर्ग

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पाची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या भागाशी विदर्भाचा संबंध त्यामुळे जुना आहे. प्रकल्पाभोवती सेक्टरनिहाय आखलेली वसाहत, शाळा आणि रुग्णालय उभे राहिले. कायम कामगाराला घर, उपचार, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तीनंतरची हमी मिळाली.

याच पोलादासाठी लागणारे लोहखनिज दल्ली राजहरा येथील खाणींतून काढणारे हजारो कामगार मात्र कंत्राटी होते. खनिज प्रकल्पाचे, खाण प्रकल्पाची, पण कामगार ठेकेदाराचा, अशी ही व्यवस्था होती. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्या बोनसमधील तफावत हे निमित्त ठरून १९७७ मध्ये या कामगारांनी प्रस्थापित संघटना सोडल्या आणि छत्तीसगढ माईन्स श्रमिक संघ स्थापन केला. भिलाई प्रकल्पाच्या कोक ओव्हन विभागात पूर्वी काम केलेले शंकर गुहा नियोगी या संघटनेचे नेते झाले. त्याच वर्षी जूनच्या प्रारंभी नियोगी यांच्या अटकेनंतर झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जणांचा मृत्यू झाला.

पुढे १९९० च्या सुमारास ही चळवळ भिलाई आणि परिसरातील खासगी कारखान्यांत पोहोचली. जगण्यापुरते वेतन, कामाची शाश्वती आणि संघटना बांधल्याबद्दल कामावरून काढलेल्यांना परत घेणे, या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. सप्टेंबर १९९१ मध्ये नियोगी यांनी कामगारांसह दिल्लीत जाऊन राष्ट्रपतींना निवेदन दिले. त्यानंतर काही दिवसांतच, २८ सप्टेंबरच्या पहाटे, भिलाई येथील घरात झोपेत असताना त्यांची गोळी घालून हत्या करण्यात आली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस रेल्वे स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १६ कामगार मृत्युमुखी पडले.

या घटनांचा आजच्या अ‍ॅप कामगारांशी संबंध काय, असे विचारले जाऊ शकते. संबंध मागण्यांच्या स्वरूपात आहे. कंत्राटी कामगारांनी वेतनवाढ मागितली, परंतु त्याआधी त्यांनी आपला खरा मालक समोर येऊन बोलावा असा आग्रह धरला. त्यांचा लढा ठेकेदाराच्या पडद्यामागे असलेल्या मुख्य नियोक्त्याला चर्चेच्या मेजावर आणण्याचा होता.

न्यायालयाने घातलेली मर्यादा

कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा १९७० मध्ये झाला. एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत या कायद्याखाली बंद झाल्यास त्या कामगारांना मुख्य आस्थापनेत सामावून घ्यावे लागेल, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मधील एअर इंडिया प्रकरणात लावला होता. पाच वर्षांच्या आत, ३० ऑगस्ट २००१ रोजी, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो फिरवला. त्या खटल्यातील पक्षकार भिलाई प्रकल्पाचीच मालक कंपनी, म्हणजे स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया, होती. कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत. कंत्राट निव्वळ दिखाऊ असल्याचे औद्योगिक न्यायाधिकरणासमोर सिद्ध झाले तरच मुख्य नियोक्ता हाच मालक मानला जाईल, असे या निकालाने ठरले.

याचा व्यावहारिक परिणाम दूरगामी झाला. मालक कोण हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आला आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे दुसऱ्या बाजूच्या ताब्यात राहिली. तरीही भिलाईलगतच्या जामुल येथील सिमेंट कारखान्याचे उदाहरण वेगळे ठरले. तेथील कंत्राटी कामगारांच्या संघटनेने स्थानिक न्यायालयीन लढ्याबरोबरच २०१२ मध्ये थेट स्वित्झर्लंडमधील यंत्रणेकडे तक्रार नेली, कारण कंपनीचे नियंत्रण तेथील होल्सिम समूहाकडे होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार त्यासाठी घेण्यात आला. अखेर जानेवारी २०१६ मध्ये संघटना आणि कंपनी यांच्यात करार झाला. ठेकेदारापासून परदेशातील मुख्यालयापर्यंतची साखळी कामगारांनी स्वतः शोधून काढली, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

ठेकेदाराच्या जागी अ‍ॅप

आज भिलाई-दुर्गसारख्या जुळ्या शहरांत सुपेला, पॉवर हाऊस, सिव्हिक सेंटर किंवा नेहरूनगर भागात पाठीवर खाद्यपदार्थांची पेटी घेतलेले दुचाकीस्वार सर्रास दिसतात. वाहन त्यांचे, इंधन त्यांचे, मोबाईल आणि इंटरनेटचा खर्चही त्यांचाच. कंपनी त्यांना कर्मचारी न म्हणता 'भागीदार' म्हणते. ऑर्डर कोणाला मिळणार, तिचा दर किती, प्रोत्साहन रकमेसाठी किती फेऱ्या आवश्यक आणि ग्राहकाने कमी गुण दिल्यास काय होणार, हे मात्र सर्वस्वी कंपनीची संगणकीय प्रणाली ठरवते. भागीदारी म्हटल्यावर अपेक्षित असलेला वाटाघाटीचा अधिकार या भागीदाराला नाही.

कंत्राटी व्यवस्थेत किमान ठेकेदार नावाचा माणूस असे. त्याला गाठता येत असे, त्याच्याशी भांडता येत असे. अ‍ॅपच्या व्यवस्थेत तक्रार एका खिडकीत लिहावी लागते आणि उत्तर बहुधा आधीच तयार असलेल्या मजकुरातून येते. खाते बंद झाले की काम संपले. जुन्या कारखान्यात कामावरून काढण्यासाठी आरोपपत्र, चौकशी आणि आदेश लागत. येथे 'आयडी ब्लॉक' हे दोन शब्द पुरतात.

कंपन्यांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. वेळेचे बंधन नसणे, शिक्षण किंवा दुसरी नोकरी सांभाळून कमाई करता येणे, भांडवलाविना लगेच काम मिळणे, ही या कामाची आकर्षणे खरी आहेत. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. इतका रोजगार अन्य क्षेत्रांनी दिला नसता, हा युक्तिवादही केला जातो. परंतु वेळ निवडण्याचे स्वातंत्र्य आणि दर ठरवण्याचा अधिकार या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिली गोष्ट दिली म्हणून दुसरी नाकारणे न्याय्य ठरते का, हा वादाचा खरा मुद्दा आहे.

संपाचे बदललेले गणित

अ‍ॅप कामगारांचे संघटन गेल्या काही वर्षांत आकाराला आले. इंडियन फेडरेशन ऑफ अ‍ॅप-बेस्ड ट्रान्सपोर्ट वर्कर्स हा महासंघ २०१९ मध्ये स्थापन झाला आणि सामाजिक सुरक्षेच्या मागणीसाठी २०२१ मध्ये त्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली परिसरात ब्लिंकिटच्या डिलिव्हरी कामगारांनी प्रति ऑर्डर दरातील कपातीविरोधात काम बंद ठेवले. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील अ‍ॅप टॅक्सीचालकांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मीटरइतके भाडे मिळावे यासाठी संप केला. डिसेंबर २०२५ मधील देशव्यापी हाक हा त्याचाच पुढचा टप्पा होता.

वर्षअखेरीच्या संपाच्या परिणामाबाबत दोन्ही बाजूंचे दावे परस्परविरोधी राहिले. संपाचा परिणाम झाला नाही, ३१ डिसेंबर रोजी झोमॅटो आणि ब्लिंकिटवर मिळून ७५ लाखांहून अधिक ऑर्डर पोहोचवण्यात आल्या, असे कंपनीच्या वतीने सांगण्यात आले. दुसरीकडे, जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या हस्तक्षेपानंतर 'दहा मिनिटांत घरपोच' ही जाहिरात मागे घेण्यास सुरुवात झाली. संपाने सेवा ठप्प झाली नाही, पण सार्वजनिक चर्चेचा विषय बदलला, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

येथेच जुना आणि नवा संप यांतील फरक स्पष्ट होतो. कारखान्याच्या फाटकावर संप मोडणारा कामगार सर्वांना दिसे. त्याची लाज, त्याची समजूत किंवा त्याच्याशी वाद, सारे समोरासमोर होत असे. अ‍ॅपच्या संपात प्रत्येक कामगाराच्या मोबाईलवर वाढीव प्रोत्साहन रकमेचा संदेश स्वतंत्रपणे येतो. शेजारच्या गल्लीतील सहकाऱ्याने तो स्वीकारला की नाकारला, हे कळण्याचा मार्ग नसतो. संप मोडण्याची किंमत कंपनीला तासागणिक कमी-जास्त करता येते. घरभाड्याची तारीख जवळ आलेल्या माणसाला एका रात्रीची दुप्पट कमाई नाकारायला सांगणे सोपे नाही. केवळ 'लॉग-ऑफ'च्या आवाहनावर उभी असलेली संघटना या कारणाने नाजूक राहते.

फाटक नाही, पण वस्ती आहे

या ठिकाणी दल्ली राजहऱ्याचा अनुभव उपयोगी पडतो. तेथील संघटनेने स्वतःला खाणीच्या हद्दीपुरते मर्यादित ठेवले नाही. दारूबंदीची मोहीम वस्तीत चालली आणि तीत स्त्रियांचा मोठा सहभाग राहिला. १९७७ च्या गोळीबारातील मृतांच्या स्मरणार्थ १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल सुरू झाले. संघर्षाबरोबर निर्माण, हे नियोगी यांचे सूत्र होते. आजारपणात, अपघातात आणि बेकारीत संघटना उपयोगी पडते हा अनुभव आल्यामुळेच दीर्घ संपाच्या काळात कामगार तिच्याबरोबर राहिले.

अ‍ॅप कामगाराला फाटक नाही, परंतु वस्ती आहे. उपाहारगृहाबाहेर ऑर्डरची वाट पाहणारे तेच असतात, पेट्रोलपंपावर आणि दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात भेटणारेही तेच. अपघात झाल्यास रुग्णालयात कोण धावणार, खाते बंद झाल्यास अर्ज कोण लिहून देणार, हप्ता थकल्यास वाहन वाचवायला कोण येणार, या प्रश्नांची उत्तरे देणारी स्थानिक संघटना उभी राहिली तर संपाच्या दिवशीचे आवाहनही अधिक वजनदार होईल. महानगरांच्या तुलनेत भिलाईसारख्या शहरात कामगारांची संख्या कमी असली, तरी एकमेकांना ओळखणाऱ्यांचे प्रमाण अधिक असते. संघटनेच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे.

माथाडींचा धडा

अनेक मालक असलेल्या कामगाराला संरक्षण कसे द्यायचे, याचे उत्तर महाराष्ट्राने अर्धशतकापूर्वी शोधले होते. बाजारपेठेत ओझी वाहणारा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा. त्याचा कायमचा मालक कोणीच नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. शासन, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापन करण्यात आले. व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरील आकार मंडळात भरायचा, मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, वैद्यकीय सोय यांची व्यवस्था करायची, अशी ही रचना आहे. मालक कोण हा वाद न घालता कामाच्या व्यवहारावरच जबाबदारी निश्चित करणे, हे या कायद्याचे मर्म होते.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत याच कल्पनेचे अंशतः प्रतिबिंब दिसते. अ‍ॅग्रीगेटर कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे. कामगारांना देय असलेल्या रकमेच्या ५ टक्के ही त्याची कमाल मर्यादा आहे. डिसेंबर २०२५ अखेर प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय नियमांच्या मसुद्यानुसार, लाभासाठी वर्षात एका कंपनीसोबत किमान ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांसोबत मिळून १२० दिवस काम केलेले असावे लागेल. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ई-श्रम नोंदणी, ओळखपत्र आणि आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य संरक्षणाची घोषणाही झाली आहे. या तरतुदींचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि माथाडी कायदा आणि ही संहिता यांत एक मूलभूत फरक आहे. माथाडी मंडळाच्या हातून मजुरी जाते, त्यामुळे मजुरीचा दर हा मंडळासमोरचा विषय ठरतो. संहितेत फक्त निधी आहे, दर नाही. अपघात विमा मिळेल, परंतु प्रति ऑर्डर दर एका रात्रीत कमी झाला तर त्याविरुद्ध दाद कोठे मागायची, याचे उत्तर संहिता देत नाही. औद्योगिक संबंध संहितेनुसार हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा हक्क मिळतो. ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याच्या संघटनेने ५१ टक्के कशाचे मोजायचे, हा प्रश्न अनुत्तरित आहे. शिवाय, राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा मंडळावर गिग व प्लॅटफॉर्म कामगारांचे पाच प्रतिनिधी असतील, परंतु त्यांची नियुक्ती केंद्र सरकार करणार आहे. निवडून येण्याइतकी संघटित शक्ती नसेल, तर प्रतिनिधी कोणाचा, हेही इतरच ठरवतील.

राज्यांपुढील पर्याय

काही राज्यांनी केंद्राची वाट न पाहता पावले उचलली. राजस्थानने जुलै २०२३ मध्ये देशातील पहिला गिग कामगार कायदा केला. २०२५ मध्ये बिहार, झारखंड आणि कर्नाटक यांनी कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्काबरोबरच कराराच्या अटी बदलण्यापूर्वी आणि काम बंद करण्यापूर्वी १४ दिवसांची पूर्वसूचना, तसेच स्वयंचलित प्रणाली निर्णय कसे घेते याची माहिती देण्याचे बंधन आहे. केंद्राच्या जुलै २०२५ मधील मोटार वाहन अ‍ॅग्रीगेटर मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःचे वाहन असलेल्या चालकाला भाड्याच्या किमान ८० टक्के वाटा, ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा सुचवला आहे. परंतु ही तत्त्वे प्रवासी वाहतुकीपुरती असून अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून आहे.

जगातही प्रवाह त्याच दिशेने वाहत आहे. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून किमान वेतन आणि भरपगारी रजेस पात्र कामगार आहेत, असा एकमताने निर्णय दिला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने, कंपनीचे नियंत्रण व निर्देशन दिसून आल्यास रोजगाराचे नाते गृहीत धरण्याचे आणि ते नसल्याचे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकण्याचे तत्त्व स्वीकारले. सदस्य देशांना त्यासाठी २ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. भारतात २००१ च्या निकालाने जो भार कामगारावर ठेवला, तो तेथे उलट दिशेने सरकला आहे.

छत्तीसगढसारख्या राज्यासाठी यातून तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली, संहितेखालील नियम आणि योजना आखताना कल्याण निधीबरोबर दर, पूर्वसूचना आणि खाते बंद करण्याविरुद्धचे अपील यांचा समावेश होतो का. दुसरी, कामगारांची नोंदणी करताना कंपन्यांकडील माहिती सरकारला आणि संघटनांना कितपत उपलब्ध होते, कारण हजेरीपटाच्या अभावी तीच उद्याची मतदारयादी असेल. तिसरी, मंडळांवर जाणारे कामगार प्रतिनिधी प्रत्यक्ष संघटनांतून येतात की कागदोपत्री राहतात.

भिलाई परिसरात कंत्राटी कामगारांना कायम कामगारांच्या नजरेत स्थान मिळवायला, प्रशासनाशी बोलण्याचा हक्क मिळवायला आणि जामुलसारख्या ठिकाणी करारावर कंपनीची स्वाक्षरी मिळवायला दशके लागली. त्यासाठी मोठी किंमतही मोजावी लागली. कायद्यात तरतूद असणे आणि ती तरतूद मागणारा संघटित कामगार असणे, या दोन्हींची गरज त्या अनुभवाने सिद्ध केली आहे. निधी सरकार उभारू शकते. दरासाठी वाटाघाट करणारा प्रतिनिधी मात्र कामगारांनाच उभा करावा लागेल, आणि त्याच्याशी बोलण्याचे बंधन कंपन्यांवर घालायचे की नाही, हा निर्णय आता नियम तयार करणाऱ्या सरकारांच्या हाती आहे.